दारुकावन कोठे आहे?

महाशिवरात्र जवळ आली की बारा ज्योतिर्लिंगांच्या यादीवरून एक जुना वाद नव्या आवेशाने उभा राहतो. स्तोत्रात नागेशाचे स्थान दारुकावन असे दिले आहे. परंतु हे दारुकावन कोणते? हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याचे लोक सांगतात की ते आमचेच. गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचे भक्त तितक्याच निष्ठेने आपल्या समुद्रकाठाकडे बोट दाखवितात. हिमालयात अल्मोड्यानजीक जागेश्वर येथे शंभरांहून अधिक लहानमोठी मंदिरे देवदारांच्या छायेत उभी आहेत. देवदारांचे वन म्हणजेच दारुकावन, अशी तेथील भाविकांची खात्री आहे. तीन प्रांत, तीन नागेश आणि नाव मात्र एकच! यांपैकी खरा कोणता, असे सुशिक्षितही आता हिरिरीने विचारू लागले आहेत. आमच्या मते हा दावाच चुकीच्या न्यायालयात दाखल झाला आहे.

ग्रंथांचा कौल घ्यावा म्हटले तर काय दिसते? शिवपुराणातील कोटिरुद्रसंहितेत दारुक राक्षस, त्याची पत्नी दारुका आणि सुप्रिय नावाचा शिवभक्त वैश्य यांची कथा आहे. तीत हे वन पश्चिम समुद्रापाशी असल्याचे म्हटले आहे. म्हणजे पुराण द्वारकेच्या बाजूचे झाले. उलट, आद्य शंकराचार्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या द्वादशज्योतिर्लिंगस्तोत्रात नागनाथ दक्षिण दिशेस सांगितला आहे. येथे औंढेकरांना हायसे वाटावे. परंतु तेच स्तोत्र वैद्यनाथाला ईशान्येस नेऊन बसविते, आणि ते प्रमाण मानल्यास परळीचा मान झारखंडातील देवघराला द्यावा लागतो. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या लहान स्तोत्राच्या एका पाठात वैद्यनाथ परळीस आहे, तर दुसऱ्या पाठात चिताभूमीवर. भीमाशंकराची कथा तर पुराणाने कामरूप देशाशी जोडली आहे. तात्पर्य, वकिली बाण्याने पोथी हाती घेणारा एक दावा जिंकतो न जिंकतो तोच दुसरा हरतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारने भीमाशंकर आपल्याकडे असल्याची जाहिरात दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला हे वाचकांच्या स्मरणात असेल. आपला देव कोणी पळवून नेत आहे, असाच तो सूर होता. हनुमंताच्या जन्मस्थानाचेही तसेच झाले. नाशिकजवळचे अंजनेरी, कर्नाटकातील किष्किंधा आणि २०२१ मध्ये तिरुपती देवस्थानाने पुढे केलेली अंजनाद्री यांच्या वादात मे २०२२ मध्ये नाशिक येथे भरलेली सभा शास्त्रार्थाऐवजी हमरीतुमरीने गाजली. ज्या हनुमंताने एका उड्डाणात समुद्र ओलांडला, त्याला एका टेकडीच्या सातबाऱ्यावर बांधून घालण्याचा हा खटाटोप शोभणारा खास नव्हता.

वास्तविक एकाच देवाच्या अनेक कथा असणे ही आपल्या परंपरेतील विकृती नव्हे, ती तिची रीतच आहे. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, इतका की स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा संकेत रूढ झाला. तमिळनाडूत तोच मुरुगन वल्ली आणि देवसेना यांचा पती आहे. उलट आपला गणपती ऋद्धिसिद्धींसह विराजतो आणि दक्षिणेत पुष्कळांच्या मते तो ब्रह्मचारी आहे! ज्या महाशिवरात्रीच्या निमित्ताने हा वाद निघतो, ती रात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीची आणि उत्तरेकडील पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची असते. महिन्याचे नाव निराळे, पण आकाशातील चंद्र एकच आणि उपवासही एकच. ज्या समाजाने महिन्याच्या नावाचाही आग्रह धरला नाही, त्याला तीन दारुकावने जड का व्हावीत? पुराणाने वन निर्माण केले. ते आपल्या गावाशेजारी आहे असे मानून प्रत्येक प्रांताने ते आपलेसे केले. दूरच्या यात्रेला निघण्याचे ज्यांना साधत नव्हते अशा असंख्य सामान्यांना देव हाकेच्या अंतरावर लाभला, हे त्यातून घडलेले कार्य लहान नव्हे.

औंढ्याचेच उदाहरण घ्या. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, खालचे दगडी कोरीव काम प्राचीन, वरचे बांधकाम उत्तरकालीन, आणि नंदी मात्र देवळाच्या पाठीमागे. त्याचे कारण लोक सांगतात ते असे, की नामदेवांना कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा ते मागील बाजूस जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. याच देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना देव नाही अशी जागा दाखविण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. पंढरीच्या विठ्ठलाचा लाडका भक्त शैवांच्या देवळात गुरूपुढे नमतो, ही घटनाच पंथापंथांतील भिंती किती पातळ होत्या हे सांगते.

कयाधू नदीकाठचे नर्सी हे याच जिल्ह्यातील गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक तो मान इतर गावांना देतात. परंतु नामदेव तेथे थांबले नाहीत. ते पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानची भूमी त्यांच्या नावाने पावन मानली गेली, त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि देऊळ फिरल्याची कथा त्या पदांतही आली आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१५ मध्ये घुमान येथे भरले, ते याच नात्याच्या बळावर. औंढ्याची कथा सतलजेपार पोहोचली म्हणून औंढ्याचे काय उणे झाले?

यावर कोणी म्हणेल, सर्वच खरे मानावयाचे तर मग खरे असे काही उरतच नाही. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु श्रद्धेचा प्रश्न आणि इतिहासाचा प्रश्न यांत भेद केला पाहिजे. मंदिर कोणत्या शतकातील, शिलालेख काय सांगतो, जीर्णोद्धार कोणी केला, येथे पुरावाच पाहिला पाहिजे आणि तेथे भावनेची सबब चालणार नाही. शिव नेमका कोठे प्रकटला, याचा निवाडा मात्र पुरातत्त्ववेत्त्याच्या कुदळीने होणार नाही, आणि मंत्र्याच्या जाहिरातीने तर नाहीच नाही.

आज खरे भय निराळेच आहे. दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये रामायण मालिका लागली तेव्हा गावोगावचे रस्ते ओस पडत. तेव्हापासून घराघरांतील आजीची कथा मागे पडून पडद्यावरची कथाच तेवढी खरी ठरू लागली. ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या अनेकत्वावरील निबंध दिल्ली विद्यापीठाने २०११ मध्ये अभ्यासक्रमातून काढला, तेव्हा हे एकसुरीपण विद्यापीठाच्या दारातही येऊन उभे राहिले. खरे नागेश्वर एकच ठरवा, हा आग्रह त्याच जातीचा आहे. तो आज औंढ्याच्या बाजूने केला, तर उद्या परळीच्या विरुद्ध वापरला जाईल.

म्हणून आमचे सांगणे असे, की सरकारांनी, मग ते मुंबईचे असो वा गुवाहाटीचे, तीर्थांच्या सोयी कराव्यात, रस्ते आणि पाणी द्यावे. खरेखोटेपणाची प्रमाणपत्रे देऊ नयेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून आणि हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पासून आपल्या पायावर उभा आहे. औंढ्याची शिल्पे, नर्सीच्या आख्यायिका, ओव्या आणि कीर्तनपरंपरा यांची गावोगाव फिरून पद्धतशीर नोंद करणे हे त्यांचे काम आहे. द्वारकेला खोटे ठरविण्यात जी शक्ती खर्ची पडते, तिचा चौथा हिस्सा जरी या कामी लागला, तरी औंढ्याचे वैभव वाढेल. बाहेर ठेवलेल्या भक्ताकडे जे देऊळ फिरले असे आपण मानतो, त्याच्या नावाने दुसऱ्या प्रांताच्या भक्ताला बाहेर काढणे हे त्या देवळाला मानवणारे नाही.