सुभद्रेला झोप लागली, त्यात तिचा काय दोष?

गर्भसंस्काराचे वर्ग आता पुण्या-नाशिकपुरते राहिलेले नाहीत. भारतातली वेळ सांभाळत आपल्यातल्या कितीतरी जणी इथून ऑनलाइन हजेरी लावतात. या वर्गांच्या जाहिरातींचा सूर साधारण एकच असतो : तिसऱ्या महिन्यापासून बाळ ऐकतं, समजून घेतं, शिकतं, म्हणून आत्ताच सुरुवात करा. आणि वर पुरवणी असते, की हे आता विज्ञानानंही मान्य केलं आहे.

विज्ञानानं असं काहीही मान्य केलेलं नाही. मला आक्षेप स्तोत्रांवर किंवा रागांवर घ्यायचा नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या या प्रमाणपत्रावर.

आधी हिशेब नीट समजून घेऊ. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. फलन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होतं. म्हणजे 'बारावा आठवडा' म्हणतो तेव्हा बाळाचं खरं वय दहा आठवडे असतं. डोक्यापासून ढुंगणापर्यंत लांबी पाच-सहा सेंटिमीटर, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवात जे चाललेलं असतं ते थक्क करणारं आहे. बोटं सुटी झालेली असतात, नखांची सुरुवात झालेली असते. पोटात जागा नाही म्हणून काही आठवडे नाळेत वाढलेलं आतडं पुन्हा पोटात परततं. कूर्चेच्या जागी हाड तयार होऊ लागतं. मूत्रपिंडं कामाला लागतात.

आणि कान? आतल्या कानातला शंखासारखा भाग या सुमारास आपले अडीच वेढे पूर्ण करत असतो. पण आकार तयार होणं म्हणजे ऐकू येणं नव्हे. आवाजाची कंपनं टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी नुकत्या कुठे घडू लागलेल्या असतात. त्यांच्यापासून मेंदूपर्यंतची वाट अजून सुरू झालेली नसते. मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे ज्या थरात ऐकलेल्याचा अर्थ लागतो त्याचे, चेतापेशी अजून जन्माला येऊन आपापल्या जागी सरकत असतात. संवेदना तिथवर नेणारे तंतू बाह्यकात शिरतात ते चोविसाव्या आठवड्याच्या आसपास. घराला अजून भिंती उभ्या राहत असताना दारावरची बेल वाजवण्यासारखं हे आहे.

"पण सोनोग्राफीत बाळानं आमच्या आवाजावर उडी मारली!" अकरा ते चौदा आठवड्यांच्या तपासणीत हा अनुभव अनेकांना येतो. उडी खरी असते, कारण तिचं वेगळं असतं. सात-आठ आठवड्यांपासून गर्भ आपोआप हालचाली करतोच. मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग त्यासाठी पुरेसे असतात. आपण बोललो नसतो तरी ती उडी झाली असती.

मग गर्भातलं बाळ ऐकतच नाही का? ऐकतं, पण पुढे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पीटर हेपर आणि शाहिदुल्ला यांनी १९९४ साली सुमारे साडेचारशे गर्भांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आवाजाला पहिला प्रतिसाद मिळाला एकोणिसाव्या आठवड्यात, तोही खालच्या पट्टीतल्या सुराला. सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे प्रतिसाद देऊ लागले. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं, की नवजात बाळ इतर बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतं. विज्ञानाचा दाखला द्यायचा तर तो हा आहे. तो शेवटच्या तीन महिन्यांकडे बोट दाखवतो आणि त्यासाठी आईनं रोजचं बोलणं बोलावं एवढंच पुरतं.

"गाणी ऐकली तर बिघडलं कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. आईला बरं वाटत असेल तर जरूर ऐकावीत. तिचं बरं वाटणं हे पुरेसं कारण आहे. बिघडतं ते गाण्याचा गृहपाठ होतो तेव्हा. अभिमन्यूची गोष्ट आठवा. अर्जुन चक्रव्यूह सांगत होता, सुभद्रेला डुलकी लागली आणि पोराचं शिकणं अर्धवट राहिलं. दोष कुणाचा? झोपलेल्या आईचा! पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि विलक्षण झोप येते, मळमळीनं जीव नकोसा होतो. अशा वेळी परदेशात, हाताशी माहेर नसताना, ऑफिस सांभाळणारी बाई वर्ग बुडाला म्हणून स्वतःला बोल लावते. आणि दुर्दैवानं गर्भपात झाला तर ती आपल्या चुका शोधत बसते. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. तो बिघाड बहुधा फलनाच्या वेळीच झालेला असतो. कुठल्याही मंत्रानं तो टळला नसता, कुठल्याही डुलकीनं तो घडला नाही. हे वाक्य तिला कुणी वेळेवर सांगतं का?

उलट, जे खरंच वेळेवर करायला हवं ते मागे राहतं. बाळाची मज्जानलिका फलनानंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. १९९१ साली ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या स्त्रियांना फॉलिक अॅसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची असते. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधी असा दोष झाला असेल तर जास्त डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

इथे आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. अमेरिकेत १९९८ पासून मैदा आणि त्याचा पाव यांत फॉलिक अॅसिड घालणं सक्तीचं आहे. ब्रिटननं २०२१ मध्ये तसा निर्णय जाहीर केला. पण दोन्हीकडे पूर्ण गव्हाचं पीठ या सक्तीतून वगळलेलं आहे. म्हणजे ज्या घरात पोळी-भात होतो, पाव क्वचित येतो, तिथे ही सरकारी तजवीज फारशी पोचतच नाही. मक्याच्या पिठाचे टॉर्टिया खाणाऱ्या लॅटिनो समाजाची हीच अडचण होती. अमेरिकेनं २०१६ मध्ये त्या पिठात फॉलिक अॅसिड घालायला परवानगी दिली. आपल्या कणकेबद्दल कोण बोलणार?

आपल्या मंडळांत गर्भसंस्कारावर व्याख्यानं होतात. त्यातलं एक या गोळीसाठी द्यावं, आणि ते लग्न ठरलेल्या मुलामुलींसमोर व्हावं. तिसऱ्या महिन्यात त्याला उशीर झालेला असतो. आणि घरात कुणाला तिसरा महिना चालू असेल, तर तिच्या हातून लॅपटॉप काढून घ्या, भांडी तुम्ही घासा आणि तिला खुशाल झोपू द्या.