अण्णांचा चहा अण्णांनाच पिऊ द्या

तुमच्या घरात, शेजारी किंवा गावाकडे असं एखादं माणूस नक्की असेल, ज्याच्याबद्दल बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो. 'अंगावरून वारं गेलंय त्यांच्या.' मग एक 'च्च' आणि विषय बंद. जणू त्या माणसाचं पुढचं सगळं ठरूनच गेलं!

आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझे आजोबा, अण्णा. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि आम्ही सगळे सेवेला लागलो. आजी चहा पाजायची, बाबा शर्टाची बटणं लावायचे आणि मी? मी त्यांची वाक्यं पूर्ण करायचे. 'पा... पा...' म्हटलं की पाण्याचा तांब्या हजर. आपण किती करतोय ना, असं वाटायचं. दीड महिन्याने फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायला लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यांचा उजवा हात दिवसभरात काय काम करतो?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. उत्तर होतं, काहीच नाही. आम्ही करूच देत नव्हतो.

म्हणून आज जरा टोचेल असं सांगतेय. अशा माणसाचं सगळं आपण मायेने करून टाकतो आणि त्याच मायेपोटी त्याची बरं होण्याची संधी काढून घेतो.

मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत, हे खरंय. त्यामुळे मोठ्या माणसाचा मेंदू एकदा बिघडला की बिघडला, असं डॉक्टरही कित्येक वर्षं मानायचे. पण उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करू शकतात. मेलेल्या भागाचं थोडंफार काम शेजारचा भाग उचलतो. याला म्हणतात न्यूरोप्लास्टिसिटी. हायवे बंद पडला की गाड्या आडवाटेने काढाव्या लागतात, तसंच हे. सुरुवातीला सगळे खड्डेच. रोज वर्दळ राहिली तर वाट रुळते. नाहीतर तिच्यावर गवत उगवतं.

ही वर्दळ म्हणजे काय, ते पेद्रो बाख-इ-रिता यांच्या गोष्टीतून कळतं. न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे हे प्राध्यापक. 1959 मध्ये, वयाच्या 65व्या वर्षी त्यांना मोठा स्ट्रोक आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी आशा सोडली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत मेडिकलचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्यासारखा कॉलेजातलाच. पुनर्वसनातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने वडिलांना चक्क रांगायला लावलं, बाळासारखं. शेजारीपाजारी नावं ठेवायला लागले, पण तो हटला नाही. जमिनीवर गोट्या खेळणं, नाणी उचलणं, भांडी घासणं... रोज तेच, महिनोन्‌महिने. पेद्रो पुन्हा चालायला, बोलायला लागले आणि कॉलेजात शिकवायलाही गेले. काही वर्षांनी डोंगर चढताना हार्ट अटॅकने ते गेले. मग त्यांचा मेंदू तपासला, तर मेंदूकडून मणक्याकडे जाणाऱ्या नसांपैकी 97 टक्के नष्ट झालेल्या! ती इजा कधी भरलीच नव्हती. तरी माणूस डोंगर चढत होता. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे याच विषयातला नावाजलेला शास्त्रज्ञ झाला.

एकाच माणसाची गोष्ट म्हणून सोडून द्यायचं म्हणाल, तर अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांचं काम बघा. स्ट्रोकनंतर दुबळा हात वापरायला गेलं की फसतं, म्हणून माणूस चांगल्या हाताने कामं उरकतो. हळूहळू दुबळा हात 'न वापरण्याची' सवयच मेंदूला लागते. टाऊब यांनी उलटं केलं. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा. 2006 मध्ये ही पद्धत 222 रुग्णांवरच्या चाचणीत तपासली गेली. ज्यांच्या हातात थोडीतरी हालचाल शिल्लक होती, त्यांना तिचा स्पष्ट फायदा झाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळेच बरे होतात का? नाही. इजा किती, कुठे, उपचार किती लवकर मिळाले, यावर खूप काही ठरतं. म्हणून पेद्रोंची गोष्ट सांगून कुणाला 'तुमची इच्छाशक्तीच कमी' असं प्लीज सुनावू नका. मेंदू जिद्दीवर कमी आणि सरावावर जास्त चालतो. आणि सराव एकट्याने होत नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येणार, तेही परवडलं तर. उरलेल्या वेळेचं काय?

तिथे आपण येतो. आपल्याकडे वेळ असतो, मोबाइलमध्ये टायमर असतो. एनएसएसला आपण वर्षाचे 120 तास देतोच की! त्यातले काही तास, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेऊन, गल्लीतल्या अशा एखाद्या घरी दिले तर? कॉलेजांनी याचा विचार करायला काय हरकत आहे?

आमच्या घरी आता नियम आहे. गिळायला त्रास नाही हे डॉक्टरांनी तपासल्यावरच आम्ही तो केला. चहा अर्धा कप, कोमट आणि उजव्या हातात. पहिले कित्येक दिवस तो निम्मा लुंगीवर सांडला. आजी रडली, माझ्यावर चिडलीसुद्धा. वाक्यं मी आता पूर्ण करत नाही. 'पाणी' म्हणायला त्यांना एकदा दोन मिनिटं लागली, ती दोन मिनिटं गप्प बसणं मला इंटर्नशिपच्या डेडलाइनपेक्षा जड गेलं. अण्णांचं मोत्यासारखं अक्षर परत आलेलं नाही, कदाचित येणारही नाही. पण परवा त्यांनी उजव्या हाताने शेंगा फोडल्या. अकरा. मी मोजल्या.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आज एवढंच करा. ताटातला घास उचलून त्यांच्या तोंडाशी नेण्याआधी थांबा. त्यांचा हात आधी उचलू द्या.