बॅग घेताना आतली शिवण पाहा

नाशिकच्या एका वाचक-भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे. त्यातले मुद्द्याचे तेवढे इथे देते.

“माझे वय ५४. आमच्या भिशीतल्या सहाजणी मिळून ऑगस्टमध्ये उत्तराखंडातली फुलांची दरी पाहायला निघालो आहोत. आजवर घरातल्या सगळ्यांच्या बॅगा मीच भरल्या, पण स्वतःची अशी बॅग कधी घेतली नाही. माझे कपडे कुणाच्या तरी बॅगेत कोपऱ्यात जायचे. आता मुलगा म्हणतो, घरातली चाकांची मोठी सूटकेस ने. हे म्हणतात, आठ-दहा दिवसांसाठी नवी बॅग कशाला? मैत्रिणी म्हणतात, डफल बॅगच घे. दुकानात गेले तर आठशेपासून आठ हजारांपर्यंत किमती, आणि दिसायला सगळ्या सारख्याच! काय पाहून घ्यावी?”

ताई, तुमच्या प्रश्नाला दोन ओळींचे उत्तर पुरणार नाही, म्हणून या आठवड्याचे सगळे पान तुमच्यासाठीच.

डफल म्हणजे काय?

बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ डफल नावाचे गाव आहे. तिथल्या जाड लोकरी कापडावरून हे नाव पडले. आता ते कापड राहिले नाही, नाव तेवढे उरले. डफल म्हणजे लांबट, मऊ अंगाची, आत सांगाडा नसलेली, वरून उघडणारी मोठी पिशवी. आपल्याकडच्या जुन्या होल्डॉलची नात म्हणा ना! होल्डॉलमध्ये गादीपासून चपलांपर्यंत सगळे गुंडाळून जायचे. हिच्यात गुंडाळायचे नाही, भरायचे.

मग सूटकेस का नको? तुमच्या सामानाचा रस्ताच पाहा. नाशिकहून हरिद्वारपर्यंत रेल्वे. तिथपर्यंत चाके ठीक. पुढे गोविंदघाटपर्यंत डोंगरातला लांबचा रस्ता, आणि सामान जीपच्या टपावर. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत गाडी, आणि पुलनापासून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढणीची पायवाट. तिथे सामान खेचरावर नाही तर पिठ्ठूच्या पाठीवर. खेचराच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाचे बोजे बांधतात. कडक पाठीची, चाकांची सूटकेस तिथे नीट बांधताही येत नाही आणि बिचाऱ्या जनावराच्या बरगड्यांना टोचते ती वेगळीच. मऊ बॅग अंगाला लागून बसते. तेव्हा मैत्रिणी सांगतात ते बरोबर आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. डफल ही सामान वाहून नेण्याची बॅग, चालताना पाठीवर घ्यायची नव्हे. काहींना पाठीवर घ्यायचे पट्टे असतात, पण ते बसस्टँडपासून धर्मशाळेपर्यंत. सबंध वजन खांद्यावर येते, कमरेला आधार नसतो. चालताना लागणारा रेनकोट, पाणी, औषधे आणि खाऊ यांसाठी छोटी सॅक वेगळी हवी. घांघरियाहून दरीत जाऊन त्याच दिवशी परतावे लागते, आत मुक्काम करता येत नाही. तेव्हा मोठी बॅग खोलीवर राहील आणि छोटी पाठीवर.

माझी फजिती

आता माझीच गोष्ट सांगते. २०११ च्या मे महिन्यात मी, माझ्या वन्सं आणि शेजारच्या दोघी यमुनोत्रीला गेलो होतो. जाण्याआधी मी एका दुकानातून मोठ्या हौसेने बॅग घेतली. कापड असे जाड की बोटाने दाबले तरी दबू नये! रंग सुरेख, भाव कमी. मी खूश. बडकोटला पाऊस सुरू असताना ड्रायव्हरच्या मदतनिसाने टपावरून बॅग खाली द्यायला बंद धरून उचलली, आणि बंद त्याच्या हातात राहिला. बॅग खाली आपटली, चेन फाटली, सगळे चिखलात. कपड्यांचे काही नाही हो, धुता येतात. पण वन्संच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबाही त्यातच ठेवला होता, तो उघडून गोळ्या भिजल्या. भर पावसात औषधाचे दुकान शोधत हिंडलो. वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. मलाच रात्रभर झोप लागली नाही.

घरी आल्यावर बॅग उलटी करून पाहिली. जाड कापडाला ओरखडाही नव्हता. बंद मात्र एका साध्या ओळीच्या शिवणीवर लटकलेला, आतल्या कडांचे दोरे सुटलेले. त्या दिवशी कळले, बॅग कापडात क्वचित फाटते. ती फाटते जोडात. म्हणून दुकानात पहिले काम करायचे ते हे : बॅग उघडून तिची आतली बाजू बाहेर काढा. आपण पोलक्याची शिवण पाहतो ना, तशीच.

शिवण आणि बंद

बंद जिथे बॅगेला जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, किंवा एकाच जागी दाट आडवी टाक्यांची पट्टी हवी. त्याहूनही चांगले म्हणजे बंदाची पट्टी बॅगेच्या पोटाखालून सबंध फिरवून आणलेली असणे. तसे असले की भार शिवणीवर न येता पट्टीवर येतो. पाळणा दोरीत बसवावा तशी बॅग पट्टीत बसते.

आतल्या कडा उघड्या असतील तर त्यांचे धागे सुटत जातात. कडांवर पट्टी घालून शिवलेली असावी. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा ओलीत कुजतो. दोन्ही टोकांना आडवे धरायचे बंद असावेत. टपावरून खाली घेताना, बर्थखालून ओढताना तेच हाताशी येतात. बाजूंना दोर ओवायला मजबूत कड्या असाव्यात. तळाला कापडाचा दुहेरी थर हवा, कारण बॅग घासते ती तळाला.

चेन

बॅगेचा जीव चेनमध्ये! चेनला नंबर असतो. तो साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. पाच नंबरची चेन आपल्या हातपिशवीला ठीक. प्रवासी डफलच्या मुख्य तोंडाला आठ किंवा दहा नंबरची हवी. रनरच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा नंबर कोरलेला असतो, तो पाहा.

नायलॉनच्या वेटोळ्याची चेन मध्येच उकलली तर रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की बहुधा जुळते. सुट्या दातांच्या चेनचा एक दात गेला की खेळ संपला. रनर दोन असावेत, म्हणजे मधोमध आणून छोटे कुलूप घालता येते. तोंड सरळ रेषेत उघडणारे असण्यापेक्षा इंग्रजी ‘यू’ किंवा ‘डी’च्या आकारात उघडणारे बरे, झाकणासारखे उघडते आणि तळातला स्वेटर काढायला सगळी बॅग उपसावी लागत नाही. फक्त वळणे गोलाकार असावीत. काटकोनात वळणारी चेन त्याच कोपऱ्यात दगा देते.

कापड आणि पाणी

दुकानदार ‘डेनिअर’ हा शब्द फेकतो आणि आपण गप्प होतो! त्यात अवघड काही नाही. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. ६०० डेनिअरचे पॉलिस्टर साध्या प्रवासाला पुरते. डोंगराच्या, टपाच्या प्रवासाला ८४० ते १,००० डेनिअरचे नायलॉन घ्यावे. सारख्याच जाडीत नायलॉन घासणे जास्त सोसते. पॉलिस्टर ऊन जास्त सोसते आणि पाणी कमी पिते. पण नुसत्या आकड्यावर भाळू नका. विरळ विणीचे जाड कापड काय कामाचे? उजेडासमोर धरून वीण पाहा.

आता पाणी. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस असतोच. त्याच पावसाने तर ती फुले फुलतात! कापडाला आतून लेप असतो, त्याने शिंतोडे अडतात. ताडपत्रीसारख्या लेपाच्या बॅगा पाणी चांगले अडवतात, पण वजनाला भारी असतात, आणि त्यातल्या पीव्हीसीच्या थंडीत कडक होतात. शिवाय कापड कितीही चांगले असले तरी चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतेच. म्हणून दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी बॅगेच्या आत अस्तरासारखी घाला, त्यात कपडे भरा आणि तोंड पिळून बांधा.

केवढी घ्यावी?

इथेच आपण बायका फसतो. ‘असू दे मोठी, लागेल कधीतरी’ म्हणतो. मोठी बॅग म्हणजे मोठी हाव! जागा दिसली की चिवड्याचा डबाही आत जातो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १,००० ने भागा, लिटर निघतात. ६० × ३० × ३० ची बॅग ५४ लिटरची. गोल बॅगेत याहून थोडे कमी मावते. आठ-दहा दिवसांना एकटीसाठी ५० ते ६० लिटर पुष्कळ झाले. खेचरावर किती वजन चालेल ते आधी विचारून घ्या. विमानाने जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की देशातल्या देशात बहुतेक विमान कंपन्या सामानासाठी १५ किलो देतात, आणि पॉवर बँक त्या सामानात चालत नाही. ती जवळच ठेवावी लागते.

माझे माप याहून सोपे आहे. भरलेली बॅग दोन्ही हातांनी उचलून स्वतःला पलंगावर ठेवता आली पाहिजे. नाही आली तर बॅग मोठी आहे किंवा सामान जास्त आहे.

दुकानात काय कराल?

१. बॅग उलटी करून सगळ्या शिवणी पाहा. सुटलेला दोरा दिसला तर ती बॅग नको.

२. चेन वीस वेळा उघडा-मिटा, वळणांवरून मुद्दाम. अडखळली तर बाजूला ठेवा.

३. दुकानातल्याच वस्तू भरून बॅग जड करा आणि एकेक बंद धरून उचला. शिवणीपाशी कापड चुण्या पडून ताणले जाते का, ते पाहा.

४. आतला लेप बोटाने चोळा. चिकट लागला किंवा पापुद्रे निघाले तर माल जुना आहे.

५. रंग भडक घ्या. काळ्या बॅगांच्या ढिगात काळी बॅग शोधणे म्हणजे तांदळातला पांढरा खडा शोधणे! अस्तर मात्र फिकट असावे, म्हणजे वस्तू दिसतात.

दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू द्या. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतोच ना?

भरणे आणि जपणे

कपड्यांच्या गुंडाळ्या करून जुन्या उशांच्या अभ्र्यांत भरा. एकात आतले, एकात लोकरीचे, एकात ओले. बूट एका टोकाला, जड वस्तू मधोमध. औषधे, पैसे, चष्मा आणि कागदपत्रे छोट्या सॅकमध्येच. वन्संच्या गोळ्यांनी मला हे शिकवले.

परत आल्यावर बॅग तशीच माळ्यावर टाकू नका. ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा आणि सावलीत पूर्ण वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, लेप सुटतो. समुद्रावर नेली असेल तर चेन आणि कड्या गोड्या पाण्याने धुवा. कोंदट, दमट जागी लेप चिकट होतो, म्हणून घडी घालून दाबून न ठेवता वर्तमानपत्रांचे बोळे भरून हवेशीर जागी ठेवा. चेन जड चालू लागली तर मेणबत्ती फिरवा. चेन मागून उकलत असेल तर बहुधा रनर सैल झालेला असतो. पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलके दाबा. शिवण उसवली तर लगेच मोचीकडे न्या. आज दोन टाक्यांचे काम आहे ते पुढच्या वर्षी हातभर होते.

उरला तुमच्या यजमानांचा प्रश्न : आठ-दहा दिवसांसाठी कशाला? त्यांना सांगा, आठ हजारांची नको, पण आठशेचीही नको. जोड चांगले असतील ती मधल्या भावातली घ्या. ती आठ दिवसांची नाही, अनेक वर्षांची आहे. लेकीच्या बाळंतपणाला जाल तेव्हाही तीच, गावी जाल तेव्हाही तीच.

आणि ताई, एक काम विसरू नका. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. ट्रंकेवरही पांढऱ्या रंगाने नाव असायचे, पण ते घरच्या पुरुषाचे. या बॅगेच्या आत अस्तरावर पक्क्या शाईने नाव आणि फोन नंबर लिहा. हरवली तर सापडायला उपयोगी पडेल. नाव मात्र तुमचे लिहा.

दरी पाहून आलात की पत्र पाठवा. फुलांचे वर्णन तर लिहाच. पण बंद कसे टिकले, तेही कळवा!