काचेआडची अमेरिका

अमेरिकेचा इतिहास, कला व संस्कृती यांची प्रदर्शने ग्रंथालयांतून भरविण्याची प्रथा आता नवी राहिलेली नाही. वॉशिंग्टन व लिंकन यांच्या तसबिरी, गगनचुंबी इमारतींची छायाचित्रे, कुलूपबंद कपाटात मांडलेले गुळगुळीत कागदाचे ग्रंथ, एवढे पाहून प्रेक्षक थक्क होतो आणि रिकाम्या हाताने घरी परततो. नांदेड-लातुरातही अशी प्रदर्शने अवश्य भरावीत. आमचे भांडण आहे ते या थक्क होण्याशी.

आमच्या पूर्वसूरींची दृष्टी निराळी होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, तो आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले; त्यात तेथील स्त्रियांच्या संस्थांचा गौरव आहे, तसा वर्णभेदाचा उल्लेखही आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डु बॉइस यांस पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. तिघांनीही त्या देशाकडे पाहताना आपल्या घरातील अन्याय नजरेआड होऊ दिला नाही.

दूर कशाला जावे? लातुरात प्राचार्य म्हणून गाजलेले व नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो वगळून याच दोन नगरांत अमेरिकेचे प्रदर्शन मांडणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कोणी म्हणेल, चित्रांच्या ओढीने लोक निदान ग्रंथालयाची पायरी तरी चढतात. मान्य; परंतु पायरी चढलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथ पडत नसेल, तर ग्रंथालय आणि जत्रा यांत अंतर ते कोणते? तसबीर दाराशी बोलावते; पुढचे काम ग्रंथपालाचे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. लिंकनच्या तसबिरीशेजारी ‘गुलामगिरी’ ठेवा, रमाबाई ठेवा, वाघमारे ठेवा. कपाटाचे कुलूप काढा आणि प्रत्येक पुस्तक घरी नेऊ द्या. ज्या प्रदर्शनातून एकही ग्रंथ वाचकाच्या घरी गेला नाही, ते ग्रंथालयाने भरविले असे आम्ही मानणार नाही.