खोटी कुस्ती आणि खरा खोटेपणा

सातारा-सांगलीकडच्या सुशिक्षित माणसाला आपली अभिरुची सिद्ध करावयाची असली, की तो एक सोपा मार्ग पत्करतो. तो टीव्हीवरच्या कुस्तीला नावे ठेवतो. "ते सगळं खोटं असतं हो!" एवढे एक वाक्य उच्चारले, की आपण लाल मातीचे पाईक ठरलो, संस्कृतीचे रक्षक ठरलो आणि समोर बसून ती कुस्ती पाहणारा मूर्ख ठरला, अशी त्याची समजूत असते. हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकले आहे, वकिलांकडून ऐकले आहे, आणि ज्यांनी जन्मात कधी लंगोट कसला नाही अशा संपादकांकडूनही ऐकले आहे. मी स्वतः हा खेळ दर आठवड्याला नियमाने पाहतो आणि ते लपवीत नाही. कुंडलच्या मैदानाला जावयाचेही मी चुकवीत नाही. तेव्हा दोन्ही घरचा पाहुणा म्हणून मला थोडे बोलण्याचा अधिकार आहे.

ह्या मंडळींचे आरोप तीन. हा खेळ खोटा आहे, हा खेळ परका आहे, आणि ह्या खेळाने आमची कुस्ती मारली. एकेक आरोप घेऊ.

पहिला आरोप खोटेपणाचा. खोटे म्हणजे काय, हे आधी ठरवू या. जो आपल्याला फसवतो तो खोटा. ज्याने आधीच सांगितले की हा खेळ आहे, आणि आपणही तो खेळ म्हणूनच पाहावयास बसलो, त्याने आपल्याला कुठे फसवले? अमेरिकेतील ज्या कंपनीची कुस्ती आपल्याकडे पाहिली जाते, तिने १९८९ सालीच न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढे सांगून टाकले, की आमचा खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. ह्या कबुलीला साडेतीन दशके उलटून गेली. आता "ते खोटं असतं" हे गुपित फोडण्याच्या आविर्भावात सांगणारा माणूस, नाटक सुरू असताना उठून "हा खरा दुष्यंत नव्हे!" असे ओरडणाऱ्या प्रेक्षकासारखा आहे.

आणि हे सांगलीने म्हणावे? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते ह्याच सांगलीत. ज्या गावाने स्वतःला अभिमानाने नाट्यपंढरी म्हणवून घेतले, त्या गावाला नाटक ओळखू येऊ नये? ज्यांचे मूळ गाव ह्याच जिल्ह्यातले नागठाणे, ते बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले, तेव्हा "ही खरी बाई नव्हे" म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले काय? उलट घरच्या लेकीसुनांनी त्यांच्याकडे पाहून पदर घ्यावयाची ढब उचलली. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, मुखवट्यांची मिरवणूक निघते आणि भंडाऱ्याने अवघी पाल पिवळी होते. तिथे जमलेल्या लाखोंना मुखवटा आणि देव ह्यांतला फरक कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस आमचे संपादक करतील काय? मुखवटा कसा पाहावा हे ह्या मुलखाच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मेक्सिकोचा मुखवटा पुढे आला म्हणजेच तो अडाणी ठरतो, हा कुठला न्याय?

मेक्सिकोचे नाव निघालेच आहे, तर मुखवट्याची कुस्ती मुळात तिथली, हे सांगितले पाहिजे. तिला 'लुचा लिब्रे' म्हणतात. मराठी कानाला त्या नावातच लुच्चेगिरी ऐकू येईल. पण त्याचा अर्थ 'मुक्त झुंज' एवढाच. १९३३ सालापासून तिथे ह्या कुस्तीची संघटित मंडळी आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी मैदान भरते. मल्लांचे दोन पक्ष: नियम पाळून कसबाने लढणारे ते 'तेक्निको', आणि नियम मोडणारे, डोळ्यांत बोटे घालणारे, पंचाची पाठ फिरताच लाथ मारणारे ते 'रूडो'. पणाला लागतो तो मुखवटा. जो हरला त्याने चारचौघांत मुखवटा उतरवावयाचा, आणि ज्याला मुखवटा नाही त्याने डोके भादरून घ्यावयाचे. आपल्याकडच्या पोरांना ज्या रे मिस्टेरिओचे नाव तोंडपाठ आहे, तो बुटका मुखवटेवाला ह्याच परंपरेचा. फ्रान्सच्या रोलाँ बार्थ ह्या विचारवंताने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकाचा पहिलाच लेख अशा कुस्तीवर लिहिला. ही क्रीडा नव्हे, हा देखावा आहे, आणि प्रेक्षकाला ती ठरवलेली आहे की नाही ह्याच्याशी कर्तव्य नसते, असे त्याचे म्हणणे. सुष्ट कोण, दुष्ट कोण, कोणाला यातना झाल्या आणि न्याय झाला की नाही, हे अंगाअंगातून दिसले म्हणजे झाले. आपल्या दशावताराच्या आणि वगाच्या प्रेक्षकाला हे बार्थने सांगावयाची गरज नव्हती.

ह्या खेळात कसब नाही, असेही कोणी समजू नये. कुस्तीत पाठ मातीला लागू न देणे ही विद्या. तिकडे पाठ नीट लागू देणे ही विद्या. हनुवटी छातीशी घ्यावयाची, सगळी पाठ एकदम टेकवावयाची, आणि वरून उडी घेणाऱ्या गड्याला खालच्याने झेलावयाचे. तो चुकला तर वरच्याची मान मोडते. आमच्या तालमीत प्रतिस्पर्ध्यापासून डाव लपवतात. तिथे तो जोडीदाराला कळवावा लागतो. ह्या दोन वेगळ्या कला आहेत. भजन गाणाऱ्याला "तू ख्याल चुकीचा गातोस" म्हणून हिणवण्यात शहाणपण नाही.

आता दुसरा आरोप, परकेपणाचा. ज्या कुस्तीच्या देशीपणाचा आपण टेंभा मिरवतो, तिची भाषाच तपासा. 'कुस्ती' फारसी, 'पहिलवान' फारसी. 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, तोही तिकडचाच. ही मल्लविद्या शेकडो वर्षांच्या देवाणघेवाणीतून आपली झाली, आणि म्हणूनच ती सकस झाली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, ते मॅटवर. मातीत वाढलेल्या ह्या गड्याने परकी मॅट शिकून घेतली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लाकडून त्यांनी धडे घेतले होते. परके म्हणून त्यांनी तोंड फिरवले असते तर ते पदक आले असते काय? कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवले आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन हे नाव काही मिरज तालुक्यातले नव्हे!

आणि देखाव्याची कुस्ती तरी आपल्याला नवी आहे काय? १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग ह्यांच्या झुंजींना तोबा गर्दी लोटे. ती पाहणाऱ्या आजोबांनी नातवाच्या टीव्हीला नाक मुरडावे, ह्याला काय म्हणावे?

तिसरा आरोप सर्वांत गंभीर, कारण त्यात एक खरी वेदना आहे. तालमी ओस पडत आहेत, पोरे मातीत उतरत नाहीत, खुराकाचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला आहे. हे सारे खरे. पण ह्याचे खापर टीव्हीवर फोडणे हा शुद्ध पळपुटेपणा आहे. थोडा हिशेब करा. खाशाबांचे पदक १९५२ चे. त्यानंतर स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेसला, टेनिसमध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षे कोरडी गेली. मुंबईचे दूरदर्शन केंद्रच मुळी १९७२ साली सुरू झाले, आणि विलायती कुस्ती उपग्रह वाहिन्यांवरून घरोघर आली ती १९९० नंतर. म्हणजे मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत मुखवटेवाला तर आपल्या घरात नव्हताच. मग त्या काळात कुस्तीला कोणी उपाशी ठेवले?

हेलसिंकीला जावयास खाशाबांकडे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर देश त्यांना विसरला. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्याच १९८४ सालच्या फेब्रुवारीत मेक्सिकोचा 'एल सांतो' वारला; चंदेरी मुखवट्याचा मल्ल, चाळीस वर्षे लोकांचा लाडका. त्याला मुखवट्यासकट पुरले आणि निरोपाला शहर लोटले. त्याच्या झुंजी ठरवलेल्या होत्या, खाशाबांची प्रत्येक पकड खरी होती. तरीही मेक्सिकोने आपला मल्ल जपला आणि आपण आपला हरवला. मेक्सिकोत त्या मल्लाची गोष्ट दर आठवड्याला सांगितली जात होती. आपण खाशाबांची गोष्ट सांगितलीच नाही. ह्यात टीव्हीचा अपराध कोणता?

आता ज्या खोटेपणाबद्दल बोलावयास हवे त्याबद्दल बोलतो. यात्रेच्या मैदानात मोठी जोड लागते. इनामाचा आकडा कर्ण्यावरून तीनदा पुकारला जातो, हलगी घुमते, शड्डू ठोकले जातात. आणि मग अर्धा तास नुसती खडाखडी. मानेवर हात, हातावर हात, आणि शेवटी बरोबरीत सोडवलेली कुस्ती. कधी निकाल लागतो, पण तो आदल्या रात्रीच लागलेला असतो. ह्याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि मैदानात बसलेल्या प्रत्येक जाणत्याला ती ओळखू येते. इथे कोणी सांगितलेले नसते की हे नाटक आहे. खरे म्हणून दाखवून खोटे विकले जाते. उसाच्या फडातून थेट येऊन उन्हात बसलेल्या माणसाची ही फसवणूक आहे, आणि जो गडी वर्षभर पहाटे चारला उठून हजारो जोर-बैठका मारतो त्याचा हा अपमान आहे. आमच्या संस्कृतिरक्षकांनी ह्यावर कधी लेखणी उचलली आहे काय?

वरच्या पायरीवर तरी काय चित्र आहे? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. पाठ टेकली की नाही ह्यावरून वाद पेटला. एका नामवंत मल्लाने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. दुसरा अंतिम लढत अर्धवट सोडून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. लाथेचे समर्थन कोणीच करू नये. पण निर्णय बरोबर की चूक हे लाखो लोकांपुढे तिथल्या तिथे, नि:संशय दाखवण्याची व्यवस्था असती, तर पाय उचलला गेला असता काय? त्याच वर्षी मार्चमध्ये कर्जतला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. एका वर्षात एका किताबाचे दोन मानकरी! टीव्हीवरच्या कंपनीकडेही दोन-दोन जगज्जेते असतात, आणि तिथेही पंच आंधळे असतात. पण ते कथानकात लिहिलेले असते. आपल्याकडे ते कथानकावाचून घडते.

आणखी एक गोष्ट. गावच्या मैदानात बाईने कुस्ती पाहावयाची नाही, हा अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्या आईने म्हशीचे दूध काढून पोराला पहिलवान केले, तिने त्याची कुस्ती पाहिली नाही. निकाल शेजाऱ्याकडून ऐकला. टीव्हीने निदान तिला घरात बसून कुस्ती पाहू दिली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. पहिली पुरुष स्पर्धा १९६१ सालची. मधली बासष्ट वर्षे बाईला मातीबाहेर ठेवणारा मुखवटेवाला कोण होता, हे परंपरेच्या अभिमान्यांनी एकदा सांगावे.

पोरे नक्कल करतात, हाडे मोडून घेतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. मेक्सिकोतही हीच भीती निघाली, आणि १९५० च्या दशकात तिथे ही कुस्ती टीव्हीवरून हद्दपार झाली. ती परतली ती १९९० नंतर. हद्दपारीने ती मेली नाही. लोक मैदानात गेले. बंदीपेक्षा सोपा उपाय आहे: पोराला हात धरून तालमीत न्या, आणि पडावे कसे हे वस्तादांकडून शिकू द्या.

माझे मागणे थोडे आहे. नाटकाला नाटक म्हणून सुखाने पाहू द्या. पाहणारा तुमच्याइतकाच शहाणा आहे. आणि मैदानात मात्र नाटक चालू देऊ नका. निकाली म्हणून लावलेली कुस्ती निकालीच झाली पाहिजे. ठरवून लढणाऱ्या जोडीला इनाम मिळता कामा नये. पंचाचा निर्णय सर्वांना दिसला पाहिजे. आणि मैदानात बायकांना मानाची जागा पाहिजे. एवढे केलेत, तर मुखवटेवाल्याची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. मुखवटेवाल्याने आपला मुखवटा कधीच लपवला नाही. आपल्या मैदानांनी आपला कधी उतरवावयाचा, हे आता त्यांनी ठरवावे.