तिकिटाचे ठिकाण पुस्तकात

महाशिवरात्रीस गोंदियानजीकच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिरात दर्शनासाठी जमणारा यात्रेकरूंचा समुदाय घरी परतताना तसबिरी, खेळणी, बांगड्या असा बराच ऐवज रोख मोल देऊन सोबत आणतो. परंतु त्या प्रवासाचे स्थळ, तारीख आणि दाम ज्यांवर बिनचूक नमूद झालेले असते, ती बसची तिकिटे आणि देणगीच्या पावत्या सदऱ्याच्या खिशात चुरगळून दुसऱ्या दिवशी केरात जातात. प्रवासाची स्मृती म्हणून या फुकट हाती आलेल्या कागदांची योग्यता विकतच्या वस्तूंहून अधिक आहे, आणि ती राखण्याचा सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्यांची वाचनखूण करून ती नित्य वाचनातल्या पुस्तकात ठेवणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षुल्लक कागदालाही काळ दस्तऐवजाची प्रतिष्ठा कशी देतो, याची साक्ष गोंदियाकरांना दूर शोधावयास नको. येथून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची ‘छोटी लाईन’ टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली आणि २०१५ साली बालाघाट-जबलपूर दरम्यानची छोटी गाडीही थांबली. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आणलेले, अवघे ५७ मिलिमीटर लांबीचे आणि त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक रुंदीचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट त्या मार्गावरचे असून एखाद्या घरच्या पोथीत राहून गेले असेल, तर त्या कुटुंबापाशी गाडीच्या हयातीचा छापील पुरावा आहे असे समजावे.

हल्लीच्या तिकिटांचे मात्र तसे नाही. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर शाई नसतेच; कागदावरील रासायनिक लेप उष्णतेने काळा पडून अक्षरे उमटतात, आणि ऊन, तेलकट बोटे, प्लास्टिकचे वेष्टन किंवा गोंद यांच्या संसर्गाने ती काही काळातच पुसट होतात. म्हणून हौसेने अशा तिकिटाचे लॅमिनेशन करावयास गेल्यास त्या उष्णतेने सारी चिठ्ठीच काळी पडण्याचा संभव असतो. तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी, मागे पेन्सिलीने गावाचे नाव, तारीख आणि सोबत्यांची नावे लिहावी, आणि त्या प्रतीचीच खूण करावी.

कृती अगदी सोपी आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. तीवर मैद्याची पातळ खळ बोटाने सारखी पसरून पावती किंवा झेरॉक्स चिकटवावी. वर कोरा कागद ठेवून ती रात्रभर जाड ग्रंथांखाली दाबावी आणि वरच्या टोकास भोक पाडून दोरा ओवावा. कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालीत. परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. पुठ्ठ्याचे जुने तिकीट चिकटवण्याऐवजी पट्टीला चार तिरक्या चिरा देऊन त्यांत कोपरे खोवावेत, म्हणजे त्याची पाठही वाचता येते. सेलोटेप पिवळा पडून डाग सोडतो, तो वर्ज्यच समजावा. आणि कागदातील आम्लाचा डाग शेजारच्या पानावर उतरू शकत असल्याने दुर्मीळ ग्रंथांत या खुणा ठेवू नयेत.

वापराने तिकीट झिजेल, असा आक्षेप संग्राहक घेतील, आणि एकमेव प्रतीपुरता तो मान्य करावयास हवा. परंतु अल्बमात बंदिस्त झालेले कागद वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत, तर वाचनखूण रोज हाताळली जाते. त्यातही खूण आणि पुस्तक यांचे नाते जुळवले तर तिचे मोल वाढते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशाची पावती मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात ठेवणाऱ्या वाचकास, पाहिलेले अरण्य आणि तेथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या लेखकाने लिहिलेले अरण्य यांचा ताळा घेण्याची बुद्धी आपोआप होते.

तेव्हा नागरा आणि परिसरातील शिक्षकांना माझी विनंती आहे की, येत्या १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी भाषणांचा कार्यक्रम थोडा आटोपता घ्यावा, मुलांना घरातली जुनी तिकिटे आणि पावत्या आणावयास सांगाव्यात, आणि प्रत्येकाच्या हाती स्वतः केलेली एक वाचनखूण व ती ठेवावयास शाळेच्या ग्रंथालयातले एक पुस्तक द्यावे. यास खर्च म्हणावा तर मूठभर मैद्याचा आहे.