नखांवरचे जेल ओढून काढू नका



ईस्टर झाला की आपल्या धर्मग्रामांत लग्नांची घाई सुरू होते आणि मृग निघेपर्यंत ती चालते. हल्ली नवरीच नव्हे, तर तिच्या बहिणी, करवल्या, कधी कधी मावशीसुद्धा बेळगावला किंवा तालुक्याच्या गावी पार्लरमध्ये जाऊन नखांवर जेल पॉलिश चढवून येतात. ज्यांची नखे मुळातच पातळ, त्यांना पार्लरवाली जाड, मजबुतीचे जेल सुचवते. त्याने नख वाकत नाही, मोडत नाही, फोटोही छान येतात. पण दोन-तीन आठवड्यांत नख मुळाकडून पुढे सरकते, जेलची कड सुटू लागते, आणि नेमका तेव्हाच पाऊस येऊन शेताची कामे अंगावर येतात. मग बसल्या बसल्या दातांनी, सुरीने, ब्लेडने ते जेल ओरबाडण्याचा उद्योग सुरू होतो.

या पानावर आम्ही एरवी खते, कीड आणि गुरांचे आजार यांविषयी लिहितो. यंदा नखांचा विषय घेतला म्हणून कोणी हसतील. हसावे, परंतु सोललेली नखे घेऊन भाताच्या लावणीला चिखलात उतरणारी मुलगी हा आमच्या मते शेतीचाही प्रश्न आहे आणि आरोग्याचाही. आमचे म्हणणे एवढेच की, जेल लावल्याने नखाचे जे बिघडते त्याहून पुष्कळ अधिक ते घाईने ओढल्याने बिघडते.

असे का होते? नख म्हणजे एकावर एक बसलेल्या पातळ पापुद्र्यांचे कवच. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. जेल हे ॲक्रिलेट वर्गातले द्रव्य. दिव्याच्या अतिनील किरणांखाली ते कडक होते आणि नखाच्या वरच्या पापुद्र्याला घट्ट पकडून बसते. मातीच्या भिंतीला खळीने चिकटवलेला कागद ओढला तर कागदाबरोबर मातीचा पोपडा निघतो, तसेच येथे होते. जेलबरोबर नखाचा पापुद्रा निघतो. नख पांढरट, खरखरीत होते, गरम पाण्यात हात घातला की चुणचुणते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला जवळजवळ सहा महिने लागतात. मे महिन्यात ओरबाडलेले नख धड व्हायला आगमनकाळ उजाडतो. मधला सगळा पावसाळा त्याच नखांनी लावणी, भांगलण, शेणघाण आणि धारा काढायच्या. फटीत चिखल शिरतो, नखुरडे होते, बोट ठणकू लागते. सुटलेल्या नखाखाली ओल राहिली तर एका जातीच्या जंतूंमुळे नख हिरवट पडते. शिवाय सोललेल्या कातडीतून फवारणीचे औषध अधिक शिरते. जेल असो वा नसो, औषध कालवताना हातमोजे घालावेतच. पण अशा बोटांनी तर बिनमोज्याचे औषधाला शिवूच नये.

येथे घरच्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. “असली नखे घेऊन मिस्साला येतेस काय? काढ आधी ते!” असे आईने किंवा आजीने खडसावले की मुलगी त्याच रात्री सुरी घेऊन बसते. आईच्या डोळ्यांपुढे जुने लाल नेलपॉलिश असते; रिमूव्हरने दोन बोळ्यांत पुसले जाणारे. हे त्या जातीचे नव्हे. नखे रंगवावीत की नाही हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, आम्ही त्यात पडत नाही. रंग आधीच चढला असेल तर तो उतरवायला मुलीला एक दुपार द्यावी आणि जमल्यास शेजारी बसून मदत करावी, कारण एका हाताचे काम दुसऱ्या हाताने नीट होत नाही.

आता रीत. औषधाच्या किंवा सौंदर्यसाधनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणावे. ‘ॲसिटोनविरहित’ असे लिहिलेला रिमूव्हर या कामी उपयोगी पडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला रंगाचा थिनर, रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच वापरू नये. प्रथम नखाची वाढलेली लांबी कापून घ्यावी. मग नेलफायलरने, म्हणजे नख घासायच्या पट्टीने, वरची चकाकी तेवढी घासून घालवावी. ही चकाकी राहिली तर ॲसिटोन आत शिरत नाही. मात्र नखे कमजोर असतील तर पांढरे नख दिसेपर्यंत घासत बसू नये; चमक गेली, रंग पिठूळ दिसू लागला की थांबावे. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे, नखावर मात्र लावू नये. नखाएवढा कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा आणि वरून डब्यातल्या चपात्या गुंडाळतात तो चंदेरी कागद गुंडाळावा. सबंध बोटे वाटीत बुडवून बसण्यापेक्षा ही रीत बरी, कारण तिच्यात कातडी कमी कोरडी पडते.

पंधरा मिनिटे हात स्वस्थ ठेवावेत. कागद काढल्यावर जेल सुरकुतून, फुगून, ओल्या पोपड्यासारखे उचललेले दिसले तर लाकडी काडीच्या बोथट टोकाने ते हलकेच पुढच्या दिशेने सारावे. जेवढे आपण होऊन निघेल तेवढेच काढावे. जेथे चिकटून असेल तेथे जोर न करता नवा बोळा ठेवून आणखी पाच-दहा मिनिटे थांबावे. जाड थराला दोन-तीन खेपा लागतात. आग होऊ लागली, नख दुखू लागले तर लगेच हात धुवावेत आणि उरलेले काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. सगळे निघाल्यावर साबणाने हात धुऊन खोबरेल तेल नखांत व मुळाशी जिरवावे, आणि पुढे काही आठवडे रोज रात्री तसे करावे.

ॲसिटोनविषयी एक ताकीद, आणि ती आम्ही मोठ्या अक्षरांत छापली असती तर बरे झाले असते. हे द्रव्य पेट्रोलसारखे भडकते. उणे २० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी त्याची वाफ होते, आणि ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात, चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीत करू नये. घरच्या आल्तारावरची मेणबत्ती विझवावी, डासांची उदबत्तीही विझवावी, आणि ओटीवर मोकळ्या हवेत बसावे. प्लॅस्टिकची वाटी विरघळते, काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. उरलेले ॲसिटोन सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. शेतीची औषधे अशा बाटल्यांत भरून ठेवल्याने काय अनर्थ होतात हे आपल्या भागात सांगायला नको.

पंधरा-वीस मिनिटांनी जेल तसूभरही हलले नाही तर? काही कडक जेले ॲसिटोनमध्ये विरघळतच नाहीत. ती घासूनच उतरवावी लागतात, आणि कमजोर नखांवर हे काम घरी करू नये. जाणकार हाताकडून थर पातळ करून घ्यावा, पण शेवटचा पातळ थर नखावरच राहू द्यावा. तो नखाबरोबर वाढत पुढे येतो आणि कापला जातो. खरे सांगायचे तर ज्यांची नखे फारच पातळ आहेत त्यांच्यासाठी, जेल कोणतेही असो, आम्हांला हाच मार्ग सर्वांत पसंत आहे. दिसायला काही महिने बरे दिसत नाही, एवढाच तोटा. मात्र कडेला सुटलेला भाग वेळच्या वेळी कापावा, खाली ओल साचू देऊ नये.

पार्लरविषयी आमची तक्रार आहे, पण ती तेथे बसणाऱ्या मुलींविषयी नाही. त्यांतल्या कित्येक आपल्याच गावांतल्या आहेत, आणि ॲक्रिलेटची खाज व पुरळ त्यांच्याच हातांना अधिक छळते. तक्रार ही की जेल लावण्याचा दर फलकावर असतो, उतरवण्याला वेळ दिला जात नाही. मग घासायच्या विजेच्या यंत्राने दहा मिनिटांत नखे सोलून मोकळे होतात. गिऱ्हाइकांनीही उतरवण्याचे वेगळे पैसे द्यायला का-कू करू नये. लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे ॲसिटोनने निघते काय, आणि बाटलीवर काय लिहिले आहे? युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ नावाचे, जेल कडक करणारे एक द्रव्य सौंदर्यसाधनांतून बंद केले आहे. ते बाटलीत आहे काय हे पाहायला हरकत नाही. जेल लावल्यावर बोटांना खाज सुटली, पुरळ किंवा फोड आले तर पुन्हा लावू नये. ही ॲलर्जी जन्मभर राहू शकते, आणि पुढे दात भरताना अशाच वर्गातले द्रव्य वापरले जाते, म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही ती सांगावी.

राहता राहिली मुळातली कमजोरी. नखे पातळ म्हणजे कॅल्शियम कमी, ही समजूत बरोबर नाही. दिवसभर हात भिजणे आणि सुकणे हेच आपल्या बायकांच्या नखांचे मोठे दुखणे. भांड्यांना रबरी हातमोजे घातले तरी पुष्कळ फरक पडतो. नखे चमच्यासारखी खोलगट झाली असतील आणि थकवा, धाप असेल तर रक्तातले लोह तपासून घ्यावे. नखे तुटतात, केस गळतात, वजन विनाकारण वाढते, तर थायरॉइड पाहावे. एखाद्याच नखावर नवी काळी रेघ दिसली किंवा नखुरड्यात पू झाला तर घरगुती लेपात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे. आणि कोणी नखांसाठी बायोटिनची गोळी दिली असेल तर रक्त तपासायला जाण्यापूर्वी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्या गोळीने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.